कागदाला हात लावण्यापूर्वी

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले. टप्प्याटप्प्याने ते २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले. मतदार १७ कोटींहून अधिक, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून एक सोपी युक्ती योजली गेली. प्रत्येक मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवायची, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवायचे आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. युक्ती सोपी खरी, पण तिच्यासाठी पेट्या लागल्या २० लाखांच्या वर! त्यांना सुमारे ८,२०० टन पोलाद लागले. भागाकार करून पाहा, एका पेटीला ४ किलोग्रॅमच्या आसपास पोलाद येते.

या पेट्यांचा मोठा वाटा मुंबईच्या विक्रोळीत, गोदरेज कंपनीच्या कारखान्यात तयार झाला. १८९७ मध्ये लालबागला कुलपे बनवण्यापासून या कंपनीची सुरुवात झाली. १९४३ मध्ये तिने विक्रोळीची जमीन घेतली आणि पुढे तेथे कारखाने उभे राहिले. मतपेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावले तर तिची किंमत ठरलेल्या पाच रुपयांच्या वर जात होती. तेव्हा पेटीच्या आतच बसणारी कळ कारखान्यातल्या नाथालाल पांचाळ या कामगाराने सुचवली, अशी आठवण कंपनीच्या जुन्या मंडळींकडून नोंदवली गेली आहे.

आता प्रश्न असा, की विक्रोळीत एकूण किती पेट्या तयार झाल्या?

दोन आकडे, एक प्रश्न

या प्रश्नाला छापील मजकुरात दोन उत्तरे सापडतात. कुठे १२ लाखांहून थोड्या अधिक, तर कुठे १७ लाख. दोन्ही आकडे एकाच वेळी, एकाच अर्थाने बरोबर असणे शक्य नाही.

आपण विज्ञानाचे विद्यार्थी. पहिली कसोटी गणिताची लावू. डिसेंबर १९५१ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वर्तमानपत्राने दिलेल्या बातमीप्रमाणे विक्रोळीत रोज सुमारे १५,००० पेट्या तयार होत होत्या. या वेगाने काम ८५ दिवस चालले, तर १२ लाख ७५ हजार पेट्या होतात. ११३ दिवस चालले, तर १६ लाख ९५ हजार होतात. म्हणजे दोन आकड्यांमधले अंतर केवळ २८ दिवसांच्या कामाचे! गणित दोन्ही आकड्यांना ‘शक्य आहे’ एवढेच म्हणते आणि गप्प बसते.

कदाचित एक आकडा मागणीचा असेल आणि दुसरा प्रत्यक्ष तयार मालाचा. कदाचित एक पहिल्या मागणीपुरता असेल आणि दुसऱ्यात नंतरची भर धरलेली असेल. हे सगळे तर्क झाले. निकाल लावायचा तर त्या वेळी, त्या कामासाठी लिहिलेला कागद पाहायला हवा. मागणीचे पत्र, रोजच्या उत्पादनाची वही, रेल्वेने माल रवाना केल्याची पावती असा काहीतरी. अशा कागदाला मूळ साधन म्हणतात. त्यावरून नंतर कोणी लिहिलेला लेख म्हणजे दुय्यम साधन. तुम्ही वाचत आहात तो हा लेखही दुय्यमच!

मूळ साधने जपून ठेवण्याची जागा म्हणजे अभिलेखागार. आपल्याकडचा जुना शब्द दप्तरखाना. पुण्याचा पेशवे दप्तरखाना इतिहासाच्या पुस्तकातून तुम्हाला माहीत असेल. पण दप्तर फक्त राजेरजवाड्यांचे किंवा सरकारचेच असते असे नाही. विक्रोळीत गोदरेज उद्योगसमूहाने २००६ मध्ये स्वतःचे अभिलेखागार सुरू केले. पत्रे, छायाचित्रे, जाहिराती, मालाच्या सूची यांच्याबरोबरच जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रणही तेथे जतन केले जाते. एखादी वस्तू कशी घडली, ती कोणी घडवली, तिच्यात काय चुकले आणि काय सुधारले, हे पुष्कळदा अशाच दप्तरांत सापडते.

समजा, आपला प्रश्न घेऊन तुम्ही एखाद्या अभिलेखागाराच्या अभ्यासकक्षात गेलात. तेथे तुम्हाला पहिल्यांदा भेटेल ती नियमांची यादी. शाईचे पेन नको. पाण्याची बाटली नको. दप्तर बाहेर ठेवा. एका वेळी एकच फोल्डर. कागदांचा क्रम बदलू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटते, ही तर परीक्षेच्या वर्गापेक्षा कडक शिस्त! पण या प्रत्येक नियमामागे रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा तर्कशास्त्र आहे. ते समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

ग्रंथालय वेगळे, दप्तरखाना वेगळा

ग्रंथालयातले पुस्तक फाटले तर बहुधा दुसरी प्रत मिळते. दप्तरातला कागद जगात एकच असतो. तो फाटला, की त्यावरची माहितीही गेली. म्हणून तेथे कपाटापाशी जाऊन आपण कागद काढत नाही. आधी पत्राने परवानगी आणि वेळ घ्यायची, विषय सांगायचा, सूची पाहायची, सूचीतला क्रमांक मागणी-चिठ्ठीवर लिहायचा. मग अभिलेखपाल तो खोका आणून देतात. सूची नीट वाचणे हे अर्धे संशोधन आहे. जो विद्यार्थी ‘मतपेटीबद्दल काय असेल ते द्या’ म्हणतो त्याच्यापेक्षा ‘१९५१-५२ चा उत्पादनाचा पत्रव्यवहार पाहायचा आहे’ म्हणणाऱ्याला कागद लवकर सापडतो. शिवाय त्याच्यासाठी निष्कारण दहा खोकी हलवावी लागत नाहीत.

हलवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कागद वाचायचा म्हणजे तो उचलायचा, उलगडायचा, उजेडात धरायचा. प्रत्येक वाचनाने त्याची किंचित झीज होते. मग तो कोणाला दाखवायचाच नाही का? तसे केले तर तो ठेवण्यालाच अर्थ उरत नाही. अभ्यासकक्षाचे सारे नियम म्हणजे या पेचातून काढलेली वाट आहे. वाचन व्हावे आणि झीज कमीत कमी व्हावी, एवढाच त्यांचा हेतू.

कागद पिवळा का पडतो?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी. हे तंतू मुख्यतः सेल्युलोजचे. सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी ओवलेली लांब माळ. माळ लांब असेल तोवर कागद चिवट असतो. आम्ल आणि ओलावा एकत्र आले, की माळ मधूनमधून तुटते. माळा आखूड झाल्या, की कागद ठिसूळ होतो आणि घडी घातली तर घडीवरच तुटतो.

हे आम्ल येते कोठून? पुष्कळदा कागदाच्याच पोटातून. पूर्वी आपल्याकडे जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा अशा ठिकाणी हातकागद होत असे. चिंध्या, ताग यांसारख्या चिवट तंतूंचा तो कागद टिकाऊ होता. एकोणिसाव्या शतकात कागदाची मागणी वाढली आणि लाकडाचा लगदा वापरात आला. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. ते उजेडाने व हवेने पिवळे-तपकिरी पडते. शिवाय शाई फुटू नये म्हणून यंत्रावरच्या कागदाला राळ आणि तुरटी लावत. तुरटीमुळे कागदात आम्लता येते. म्हणून एक गमतीची गोष्ट दिसते. पेशवाईतला अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद अजून घडी सोसतो, आणि १९५१ चे वर्तमानपत्र हातात घेताच त्याचे तुकडे पडतात!

शाईचेही तसेच. मोडी कागदांवरची काजळाची शाई म्हणजे शुद्ध कार्बन. तो कशाशी सहसा संयोग पावत नाही, उजेडाने उडत नाही. याउलट मायफळासारख्या टॅनिनयुक्त फळांचा अर्क आणि हिराकस यांपासून केलेली शाई आम्लधर्मी असते. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. ही शाई काळांतराने अक्षरांच्या जागी कागद खाऊन टाकते. अशी पाने उजेडाकडे धरली तर अक्षरांच्या जाळीतून पलीकडचे दिसते.

आता पेन्सिलीचा नियम पाहू. पेन्सिलीचे ग्रॅफाइटही कार्बनच. चुकून रेघ ओढली गेली तर ती तंतूंच्या वरच राहते आणि जाणकाराला ती काढता येते. पेनची शाई तंतूंत झिरपते, ती कायमची. मात्र मूळ कागदावर वही ठेवून पेन्सिलीनेसुद्धा लिहू नये. दाबाचे वळ खालच्या कागदावर उमटतात. जुन्या शोधकांच्या अशा ‘अदृश्य’ टिपणांचे वळ अनेक कागदांवर आजही पाहायला मिळतात.

हातमोजे केव्हा घालावेत?

चित्रपटात संशोधक पांढरे हातमोजे घालून जुनी पोथी उलटताना दाखवतात. प्रत्यक्षात कागदासाठी बहुतेक ठिकाणी आता हातमोज्यांचा आग्रह धरत नाहीत. सुती मोज्यांमुळे बोटांची स्पर्शाची जाण बोथट होते. पान एक आहे की दोन, कडा कुठे फाटली आहे, हे कळत नाही, आणि मोज्याचा धागा फाटलेल्या कडेत अडकतो. कागदासाठी साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात सर्वांत चांगले. हाताला क्रीम किंवा तेल मात्र नको.

छायाचित्रांची गोष्ट वेगळी. कृष्णधवल छायाचित्रातली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. आपल्या घामात मीठ आणि मेदाम्ले असतात. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पण त्या जागी चांदीवर हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि काही वर्षांनी तो ठसा चित्रातच उमटलेला दिसतो. म्हणून छायाचित्रे आणि निगेटिव्ह हाताळताना हातमोजे घालायचे आणि तरीही फक्त कडांना धरायचे.

पान उलटताना बोटाला थुंकी लावण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. ती कायमची सोडा. थुंकीतला ओलावा आणि त्यातली द्रव्ये कागदाच्या कोपऱ्यावर डाग पाडतात, आणि त्यावर बुरशी व किडे खूष असतात. पान वरच्या कोपऱ्याकडून हलके उचलावे, त्याखाली तळहात सरकवावा आणि मग ते उलटावे. जुनी हिशेबाची वही टेबलावर सपाट दाबून उघडू नये. तिच्या पुठ्ठ्यांखाली दोन्ही बाजूंना फोमच्या उतरत्या उशा ठेवतात. वही पूर्ण न उघडता अर्धवटच उघडली, की पाठीवरचा ताण कमी होतो. पाने मिटू नयेत म्हणून वर शिशाचे बारीक गोळे भरलेली मऊ कापडी नळी ठेवतात. हा तरफेचाच प्रयोग आहे. पुठ्ठा म्हणजे लांब दांडा, शिवण म्हणजे टेकू. तुम्ही लावलेले थोडेसे बळ शिवणीपाशी कितीतरी पट होऊन पोचते.

निळ्या नकाशांचा हट्ट

कारखान्यांच्या दप्तरात एक खास चीज सापडते. गडद निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी छापलेले यंत्रांचे नकाशे. यांनाच ब्लूप्रिंट म्हणतात. पेटीची कळ कशी बसवायची, पत्रा कुठे वाकवायचा, असले तपशील त्या काळी अशाच नकाशांतून कारागिरापर्यंत पोचत. यातला निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू, लोहाचे एक संयुग. हा रंग उजेडाने फिका पडतो. अंधारात ठेवला तर काही प्रमाणात परतही येतो!

पण त्याची खरी गंमत पुढे आहे. साधे जुने कागद जपण्यासाठी आम्लाचा प्रतिकार करणारी फोल्डरे वापरतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते, म्हणजे ती किंचित अल्कधर्मी असतात. हीच फोल्डरे ब्लूप्रिंटला मारक ठरतात, कारण अल्कामुळे निळा रंग उडतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. म्हणून पत्रांच्या फोल्डरातला निळा नकाशा तुम्ही पाहिलात आणि परत ठेवताना ‘इथेच बरा दिसतो’ म्हणून भलत्या फोल्डरात सरकवलात, तर तुमच्या हातून एक संथ अपघात घडलेला असतो.

खाडीची हवा

विक्रोळीच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि खारफुटीचे जंगल आहे. पावसाळ्यात मुंबईच्या हवेची सापेक्ष आर्द्रता कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. कागदासाठी साधारण २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की बुरशी वाढू लागते. कसर, झुरळे आणि वाळवी यांनाही ओलसर काळोख आवडतो. तापमानाचाही परिणाम मोठा. रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. मुंबईत कागद जपणे म्हणजे हवेशी रोजची झुंज आहे.

कागद ओलावा शोषून फुगतो आणि हवा कोरडी झाली की आकसतो. हे फुगणे-आकसणे वारंवार झाले, की तंतू सैल होतात. म्हणून हवा एकसारखी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. अभ्यासकक्षाचे दार सतत उघडे का ठेवत नाहीत, याचे उत्तर यात आहे. पाण्याची बाटली आणि डबा बाहेर ठेवण्याचे कारण तर सांगायलाच नको. सांडलेले पाणी पुसता येते, पण त्याने विरघळून पसरलेली शाई परत अक्षरांत जात नाही. खाद्यपदार्थाचे कण झुरळांना आमंत्रण देतात.

उजेडाची हानी साठत जाते. संग्रहालयात नाजूक कागद दाखवताना प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवतात. भर दुपारी उघड्यावर सूर्यप्रकाश सुमारे १ लाख लक्सपर्यंत जातो. म्हणजे उन्हातला एक तास हा संग्रहालयातल्या २,००० तासांच्या बरोबरीचा! छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली तरी फ्लॅश वापरू देत नाहीत. एका फ्लॅशने फारसे बिघडत नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाने तो वापरला तर त्या सगळ्याची बेरीज होते, आणि शेजारी बसलेल्या वाचकाचे लक्ष उडते ते वेगळेच.

क्रम हाही पुरावा

आता सर्वांत कठीण वाटणारा नियम. फोल्डरातले कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने परत ठेवायचे. कागद तारखांप्रमाणे लावलेले नसले, अगदी उलटसुलट दिसले, तरीसुद्धा!

पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवलेले असत. त्या बांधणीला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल, त्यांत कोट्यवधी मोडी कागद. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध केले. एखाद्या रुमालात तारीख नसलेले पत्र निघाले तर काय करायचे? त्याच्या वरचा आणि खालचा कागद पाहायचा. दोन्ही एकाच मोहिमेतले असतील, तर मधलाही बहुधा त्याच सुमाराचा. शेजाऱ्यांवरून माणसाची ओळख पटावी, तसे हे आहे. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांच्या थरांचा क्रम पाहून त्यांचे वय ठरवतो, आणि खोदकामात सापडलेले मडके जागेवरून हलवण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञ त्याची नोंद करतो. कागदांच्या क्रमालाही तीच किंमत आहे.

आपल्या मतपेटीच्या प्रश्नाकडे वळू. समजा एका फोल्डरात ‘आणखी पेट्या पाठवाव्यात’ असे तारीख नसलेले पत्र आहे. त्याच्या आधी नोव्हेंबरची पावती, नंतर डिसेंबरची. या पत्रावरून मागणी वाढल्याचे कळेल, आणि केव्हा वाढली तेही. तुम्ही चांगल्या हेतूने सगळ्या पावत्या एका बाजूला आणि पत्रे दुसऱ्या बाजूला लावून ठेवलीत, तर एकही कागद न फाटता पुरावा नष्ट होतो. नष्ट झाल्याचे कोणाला कळतही नाही. फाटलेला कागद निदान फाटलेला दिसतो. म्हणून एका वेळी एकच फोल्डर उघडायचे, आणि कागद बाहेर काढलाच तर त्याच्या जागी खूण म्हणून कोरी चिठ्ठी ठेवायची.

चिकटपट्टीचा धडा

फाटलेला कागद दिसला तर खिशातली चिकटपट्टी काढून तो जोडू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, तंतूंत मुरतो, आणि पट्टी निघाली तरी तपकिरी पट्टा मागे राहतो. कागद फाटला आहे एवढे फक्त अभिलेखपालांना सांगा. ते बहुधा पातळ जपानी कागद आणि स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते.

‘पुन्हा सोडवता येणे’ हे तत्त्व तज्ज्ञांनाही अनुभवातून शिकावे लागले. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जीर्ण कागदाला सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्याचे अस्तर लावण्याची पद्धत विकसित झाली. यंत्राशिवाय, ॲसिटोनच्या साह्याने हाताने करता येणारी ही युक्ती परदेशातही नावाजली गेली. तिच्यामुळे असंख्य कागदांचे तुकडे होण्याचे टळले. पण पुढे कळले, की सेल्युलोज ॲसिटेट स्वतःच हळूहळू विघटन पावून ॲसेटिक आम्ल सोडू शकते. जुन्या फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो याचाच. तेव्हापासून नवी पद्धत स्वीकारताना पहिला प्रश्न विचारतात, की उद्या चूक कळली तर हे काढता येईल ना?

टिपण कसे घ्यावे?

इतके सांभाळून कागद पाहिला आणि टिपण गबाळे घेतले, तर सगळे वाया. वहीच्या पानाच्या डोक्यावर आधी अभिलेखागाराचे नाव, संग्रहाचे नाव, खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक, कागदाची तारीख व त्या दिवसाची तारीख लिहा. मग मजकूर. जसाच्या तसा उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत, आणि तुमचे मत वेगळ्या कंसात. एखादे अक्षर लागले नाही तर अंदाजाने भरू नका, तेथे प्रश्नचिन्ह करा. कागदावरचा आकडा चुकीचा वाटला तरी तो सुधारू नका. आहे तसा लिहा आणि शेजारी शंका नोंदवा. मोबाइलने छायाचित्र घेतले तर आधी क्रमांकाच्या चिठ्ठीचे घ्या. घरी आल्यावर दोनशे चित्रांतले कोणते कुठल्या फोल्डरातले, हे देवालाही सांगता येणार नाही!

हा खटाटोप का? तुम्ही म्हणाल, ‘विक्रोळीत इतक्या पेट्या झाल्या.’ दुसरा विचारील, ‘कशावरून?’ प्रयोगशाळेत तुमचा प्रयोग दुसऱ्याला करून पाहता आला पाहिजे, तसाच तुमचा कागद दुसऱ्याला काढून पाहता आला पाहिजे. क्रमांक लिहिला असेल तरच ते शक्य आहे.

आणि कागद सापडला म्हणजे सत्य सापडले असेही नाही. तो कोणी, कोणासाठी, केव्हा लिहिला ते विचारा. जाहिरात माल खपवण्यासाठी असते, तिथे आकडा फुगण्याचा संभव. वर्तमानपत्राचा बातमीदार ऐकीव सांगू शकतो. चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत कारखान्यातली धांदल, आवाज, अभिमान जिवंत असतो, पण तारखा आणि संख्या निसटतात. कळ कोणी सुचवली, हे कदाचित कोणत्याच सरकारी पत्रात नसेल आणि आठवणीतच सापडेल. किती पेट्या झाल्या, हे मात्र वहीलाच विचारावे. वेगवेगळ्या प्रकारची, एकमेकांवर अवलंबून नसलेली साधने एकच गोष्ट सांगू लागली, की विश्वास वाढतो.

आपल्या घरचा दप्तरखाना

२६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईतल्या असंख्य घरांतले आणि कार्यालयांतले कागद भिजले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक फायली जळाल्या. कागद जाण्यासाठी शतके लागतातच असे नाही. तुमच्या शाळेतली जुनी जनरल रजिस्टरे, आजोबांची गिरणीतली किंवा कारखान्यातली पगारचिठ्ठी, आजीच्या लग्नाची पत्रिका, ही साधनेही जगात एकेकच आहेत. रबरबँड, गंजणाऱ्या टाचण्या काढून ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकते, तेव्हा कोरड्या, स्वच्छ कागदी पाकिटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका. छायाचित्रामागे पेनने न लिहिता पाकिटावर पेन्सिलीने नावे लिहा, आणि नावे सांगणारी माणसे आहेत तोवर लिहा. कागद भिजलाच तर दोन दिवसांच्या आत सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर वाळवा. त्यानंतर बुरशी धरण्याचा धोका वाढतो.

करून पहा: वर्तमानपत्राची एक पट्टी आणि चांगल्या वहीच्या कागदाची एक पट्टी घ्या. दोन्हींचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि त्या उन्हाच्या खिडकीत आठ दिवस ठेवा. रोज ऊन किती तास आले ते नोंदवा. शेवटी पुठ्ठा काढून रंगातला फरक पाहा. मग दोन्ही पट्ट्यांच्या उघड्या आणि झाकलेल्या भागांवर एकाच जागी पुढे-मागे घड्या घालत राहा आणि किती घड्यांनंतर कागद तुटतो ते मोजा. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका, निदान पाच-पाच पट्ट्यांची सरासरी घ्या. निघालेले आकडे तारखेसह वहीत लिहून वही जपून ठेवा.

अभ्यासकक्षातून निघताना खोका परत करायचा असतो. अभिलेखपाल कागद मोजून घेतात, क्रम पाहतात आणि मागणी-चिठ्ठी नोंदीत लावून ठेवतात. पुढे केव्हातरी दुसरा कोणी विद्यार्थी तोच खोका मागेल. तुमच्या मनातही न आलेला प्रश्न त्याच्याजवळ असेल. त्याला ते कागद तुम्हाला मिळाले तसेच, त्याच क्रमाने मिळायला हवेत.